रंकाळ्यात मासे सोडावेत का? आणि माशांचे आणखी काही प्रश्न

मागच्या अंकात बोलता बोलता एक वाक्य लिहून गेलो, की तळ्यात मासे सोडणारे पुष्कळ आहेत, सोडल्यावर त्यांचं काय झालं ते बघायला जाणारा कुणी नाही. झालं. तेवढ्या एका वाक्यावर इतके प्रश्न आलेत की या महिन्याचं सदर माशांनाच द्यावं लागतंय, आंब्याच्या झाडावरच्या किडीचे प्रश्न ज्यांनी पाठवलेत त्यांनी जरा थांबा. आधीच सांगतो, मी काय शास्त्रज्ञ नाही. शाळेत असल्यापासून काठावर तंगूस घेऊन बसलोय, मेव्हण्याच्या शेततळ्यात मासे पाळले, मारलेही, आणि हॅचरीवाले असोत नाहीतर जाळं टाकणारे भोई, त्यांच्या मागं लागून विचारत बसायची खोड आहे. त्या जोरावर लिहितोय.

प्रश्न : आमच्या मंडळानं यंदा गणपतीच्या खर्चातनं पैसे वाचवून रंकाळ्यात एक लाख मासे सोडायचं ठरवलंय. एका पुरवठादारानं रेट दिलाय, एकदम स्वस्त आहे. मासे शेवाळ खातील आणि पाणी स्वच्छ होईल असं तो म्हणतोय. कुठला मासा सोडावा?
(साने गुरुजी वसाहत)

पहिलं म्हणजे डॉल्बीचे पैसे तळ्यावर घालावे वाटले याबद्दल मंडळाचं कौतुक, खरंच. आता पुढचं ऐका.

त्या पुरवठादाराला एकच विचारा, एक लाख काय? जिरे का बोटुकली? कारण अंड्यातनं नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू, त्याला जिरे म्हणतात, दिसायलाही जिऱ्याएवढंच असतंय, हॅचरीत ते मोजत नाहीत, छोट्या मापानं भरून देतात, एका मापात हजारो. ते स्वस्तच असणार. ते नर्सरीच्या तळ्यात वाढवलं की इंचभर होतं आणि अजून वाढवलं की बोटाएवढं, तीच बोटुकली. जिरे उघड्या तळ्यात ओतलं तर ते सोडणं नव्हे, चारा घालणं झालं. चिलापी, मरळ, बेडकं, पाणकिडे, सगळ्यांची एका दिवसाची पंगत. फोटो छान येतात, मंडळाचं नाव पेपरात येतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं किती शिल्लक आहे हे कुणी बघत नाही. मोठ्या तळ्यात सोडायचं तर बोटुकली चांगली दहा सेंटीमीटरच्या आसपासची पाहिजे, तेव्हा कुठं ती पळून जीव वाचवती.

दुसरं, रंकाळा महापालिकेच्या ताब्यातला आहे, आपल्या मनानं पिशव्या आणून ओतता येत नाहीत, लेखी परवानगी लागते आणि मत्स्य विभागाला विचारायला लागतं. हे सांगितलं की लोक म्हणतात चांगलं काम करायला परवानगी कशाला. पुढची उत्तरं वाचा म्हणजे कळेल कशाला.

आता हिशोब. रंकाळ्याचं पाणी ढोबळमानानं शंभरेक हेक्टर धरा. लहान जलाशयाला हेक्टरी दोनेक हजार बोटुकली सांगतात, मोठ्या धरणाला त्यापेक्षा कितीतरी कमी. म्हणजे नुसत्या क्षेत्रफळावर बघितलं तर तुमचं एक लाख काही जास्त नाही, उलट निम्मंच भरतंय. पण क्षेत्रफळ हा कागदावरचा हिशोब. मासा क्षेत्रफळात राहत नाही, पाण्यातल्या ऑक्सिजनवर राहतो.

हे समजायचं असेल तर कधीतरी पहाटे साडेपाचला पदपथावर या. आठला नको, आठला सगळं छानच दिसतं. एकदा उन्हाळ्याच्या शेवटाला दोन-तीन दिवस आभाळ भरून होतं, वारा पडलेला, मी थर्मासमधला चहा ओतत होतो आणि बघितलं तर पाण्यावर पावसाचे थेंब पडत होते. बारीक बारीक वर्तुळं. हात पुढं केला, पाऊस नाही. मग खाली वाकून बघितलं तर प्रत्येक वर्तुळाच्या मधोमध एक तोंड. शेकड्यानं तोंडं, पाण्याच्या वरच्या कातडीला चिकटलेली, उघडझाप उघडझाप. दगड टाकला तरी लांब जात नव्हते. एवढा भित्रा प्राणी पण पळायचंही त्राण नाही. शेजारी फिरायला आलेले एकजण म्हणाले, व्वा, काय मासे आलेत! त्यांना काय सांगणार.

हे का होतंय, तर पाण्यातलं हिरवं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं, पण रात्री तेच शेवाळ श्वास घेतं, माशांच्या वाटणीचा ऑक्सिजन खातं. त्यात तळाला मैल्याचा गाळ, तो कुजताना आणखी खातो. म्हणून सगळ्यात वाईट वेळ पहाटेची, सूर्य वर यायच्या आधीची. कार्प जातीच्या, म्हणजे कटला, रोहू वगैरे माशाला लिटरमागं पाच मिलिग्रॅम ऑक्सिजन असला तर बरं चालतं, तीनच्या खाली गेलं की जीव कासावीस. ढगाळ दिवस आला की शेवाळाचं दिवसाचं उत्पन्न कमी, रात्रीचा खर्च तेवढाच. पहिल्या वळवाचं पाणी नाले धुऊन तळ्यात आलं की तेच. मग पेपरात बातमी येते, शेकडो मासे मृत. आणि अशा पाण्यात आपण अजून एक लाख नाकं, म्हणजे कल्ले, घालणार.

आता शेवाळ खाण्याचं. चंदेरा म्हणजे सिल्व्हर कार्प पाण्यातलं बारीक शेवाळ गाळून खातो हे खरं आहे. पण रंकाळ्यावर कडंला हिरवा ऑइल पेंट सांडल्यासारखी जी साय धरते त्या जातीचं शेवाळ त्याला धड पचत नाही, बरंचसं तसंच जिवंत बाहेर पडतं. गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, तो पाण्याखालचं मऊ गवत खातो, केंदाळाला, म्हणजे जलपर्णीला, तोंड लावत नाही म्हटलं तरी चालेल, समोर पुरणपोळी असताना कोण कडबा खातंय. आणि समजा खाल्लं शेवाळ. पुढं? खाल्लं ते पोटात गेलं, थोडं अंगाला लागलं, बाकीचं विष्ठेतनं परत पाण्यात. साबणाचा, मैल्याचा जो फॉस्फरस शेवाळाला खत म्हणून लागतो तो तळ्यातच राहिला की. तो तळ्याबाहेर कधी जाईल, तर मासा वाढल्यावर जाळ्यानं काढून बाहेर नेला तर. म्हणजे सोडणं हे अर्धं काम पण नाही, काढणं हे खरं काम. आणि वरनं नाला चालूच राहिला तर काढून काढून किती काढणार, नळ चालू ठेवून फरशी पुसल्यासारखं.

कुठला मासा म्हणून विचारलंय तर उत्तर देतोच. पाणी सुधारलं तर कटला, रोहू, मृगळ ही तिघं, कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाला, म्हणजे एकमेकांच्या ताटात हात नाही. चंदेरा कटल्याच्याच ताटात हात घालतो म्हणून तो नको. आणि ही तिघंही रंकाळ्यात पिल्लं घालणार नाहीत हे लक्षात ठेवा, त्यांना पावसाळ्यात फुगलेली वाहती नदी लागते, साठलेल्या पाण्यात अंडी पोटात तशीच राहतात. भारतात यावर तोड निघाली १० जुलै १९५७ ला, ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधरींनी माशाच्याच मेंदूखालच्या ग्रंथीचं इंजेक्शन देऊन तळ्यातल्या कार्पला अंडी घालायला लावली, म्हणून तर १० जुलै हा मत्स्य शेतकरी दिवस असतो. आज तुम्हाला फोनवर एक लाखाचा रेट मिळतो तो त्या इंजेक्शनमुळं. पण त्याचा अर्थ असा, की रंकाळ्यात आज सोडलेला कटला संपला की संपला, परत सोडा.

माझं ऐकाल तर यंदा मासे नकोत. त्याच पैशात पाण्यातला ऑक्सिजन मोजायचं मीटर घ्या, वापरायला फार अवघड नाही, शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे, तिथल्या पोरांना हाताशी धरा, आणि मंडळातल्या कार्यकर्त्यांनी पाळी लावून महिनाभर रोज पहाटे चार ठिकाणी आकडा घेऊन वहीत लिहा. ती वही घेऊन महापालिकेत जा. लाख मासे सोडल्याच्या फोटोपेक्षा ती वही साहेबांना जास्त टोचेल.

प्रश्न : आमच्या फिश टँकमधला काच चाटणारा काळा मासा फूटभर झालाय. मारवत नाही. कळंब्यात किंवा रंकाळ्यात सोडला तर?
(मंगळवार पेठ)

अजिबात नको ताई. तो सकर, दक्षिण अमेरिकेतला. पाठीवर चिलखत, काटे असे की जाळ्यात आला तर जाळं फाडून काढायला लागतो, खायला कुणी घेत नाही. उजनीच्या मच्छीमारांना विचारा या माशाचं नाव काढलं की काय शिव्या निघतात ते. तिथं तो कुणी धंद्यासाठी सोडलेला नसणार, असंच कुणाला तरी मारवलं नसेल. ज्या दुकानातनं घेतला त्यांना परत द्या, बरेच दुकानदार घेतात. आणि जाता जाता, पुण्य लागतं म्हणून बाजारातनं जिवंत मागूर आणून तळ्यात सोडणारेही आहेत. बाजारात जिवंत वळवळणारा मोठा मागूर बऱ्याचदा आफ्रिकन असतो, त्याच्यावर देशात २००० सालापासून बंदी आहे, तो बाकीचे मासे, पिल्लं, काय मिळेल ते खातो आणि हवेतला श्वास घेऊन घाणीतही जगतो. एका माशाला जीवदान दिल्याचं पुण्य आणि हजार माशांचं पाप, बेरीज तुम्हीच करा.

प्रश्न : आमच्या लहानपणी गळाला काय काय लागायचं, आता टाकला की चिलापी, टाकला की चिलापी. बाकीचे मासे गेले कुठं?
(फुलेवाडी)

अहो, हा प्रश्न मी स्वतःला दर रविवारी विचारतो. कणकेची गोळी लावा, गांडूळ लावा, तीच, तळहाताएवढी, पाठीवरचा काटा उभा करून बोटात घुसवणार.

चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेची, भारतात १९५२ ला आणली, हेतू चांगला होता, गरिबाला स्वस्तात मासा. पण तिच्यासारखी संसारी बाई दुसरी नाही. कटल्याची मादी किलोमागं लाखभर अंडी घालते खरी, पण सोडून देते, नशीब तुमचं. चिलापीची मादी अंडी शे-दोनशे, फार तर काही शे घालते पण ती तोंडात धरते. तोंडात! पिल्लं बाहेर येऊन पोहायला लागली तरी धोका दिसला की परत आईच्या तोंडात. तेवढे दिवस ती बिचारी नीट खातही नाही. आणि वयात यायला दोन-तीन महिने पुरतात, नदीचा पूर नको, वाहतं पाणी नको, घाण पाणी चालतं, ऑक्सिजन कमी असला तरी तग धरती. गर्दी झाली की वाढ खुंटते, तळहाताएवढीच राहते पण अंडी घालायची थांबत नाही. अशा तळ्यात दुसऱ्यानं जगायचं कसं? काठाजवळच्या उथळ पाण्यात तळ खणून तिचे नर बशीसारखे खळगे करतात, उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसतात बघा, ओळीनं, आणि त्या खळग्याजवळ दुसरा मासा फिरकला की हाकलून देतात.

खवल्या, वाम, शिंगटा हे आपले मूळचे कमी झाले त्याला एकटी चिलापी जबाबदार आहे असं मी म्हणणार नाही, पाणी आपणच घाण केलं, ती फक्त घाणीत राहायला तयार झाली. तुम्हाला काही करायचंच असेल तर एक करा, गळाला लागलेली चिलापी बारकी आहे म्हणून परत सोडू नका. मरळ लागली तर सोडा. मरळ चिलापीची पिल्लं खाते.

प्रश्न : शेततळ्यात मासे सोडले, प्लॅस्टिकचा कागद घातलेलं तळं आहे, ३० बाय ३० मीटर. पाच हजार बोटुकली आणली. दुसऱ्या दिवशी निम्मी मेली, उरलेली वर्ष झालं तरी पाव किलोची पण नाहीत. पुरवठादार म्हणतो पाणी खराब. खरं काय?
(पन्हाळा तालुका)

तुमचं पत्र वाचून बारा वर्षांपूर्वीचा मेव्हण्याचा चेहरा डोळ्यासमोर आला. त्याच्याकडंही असंच तळं, माझाच सल्ला, मीच माणूस गाठून दिलेला. टेम्पो सकाळी सातला येणार होता तो आला बाराला. मे महिना. प्लॅस्टिकच्या पिशव्या, खाली थोडं पाणी वर ऑक्सिजन भरून फुगवलेल्या, हाताला कोमट लागत होत्या. पोरं कल्ला करत होती, नारळ फोडला, आणि मी कात्रीनं पिशवी कापली की थेट ओत, कापली की ओत. तळ्याचं पाणी खोल, गार. दहा मिनिटांत काम संपलं, आम्ही जेवायला बसलो. चारला जाऊन बघतोय तर कडंला पांढरी पोटं. मेव्हणा काही बोलला नाही, नुसता जाळीनं काढत राहिला, ते जास्त लागलं. फोन केला तर पुरवठादार म्हणाला पाणी खराब, आम्ही म्हणालो माल खराब, आणि आज विचाराल तर थोडी चूक त्याची होती, उशिरा आला, मोठी चूक माझी.

पिशवी तशीच बांधलेली पाण्यावर तरंगू द्यायची, पंधरा-वीस मिनिटं, आतलं आणि बाहेरचं पाणी एका तापमानाला येतं. मग तोंड सोडून मग्गानं थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घालायचं. मग पिशवी आडवी करायची आणि हात काढून घ्यायचा. बोटुकली आपणहून बाहेर जाते, पहिलं एक जातं, जरा थांबतं, मग सगळी. जी जात नाहीत ती तशीही जगणार नव्हती. आणि हे काम संध्याकाळी नाहीतर एकदम सकाळी, दुपारी कधीच नाही. बीज, म्हणजे ही पिल्लं, घेताना विचारायचं की निघायच्या आधी दिवसभर उपाशी ठेवलं होतं का, भरल्या पोटी पाठवलं की पिशवीतच घाण करतात आणि त्यातच गुदमरतात.

वाढ न होण्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. ३० बाय ३० म्हणजे ९०० चौरस मीटर, नऊ गुंठे. हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली सांगतात, त्या हिशोबानं तुमच्या तळ्याला साडेचारशे ते नऊशे. पाच हजार तुम्हाला विकली त्याला तुमचं तळं केवढं आहे हे विचारायची गरज वाटली नसेल. शिवाय कागदाच्या तळ्याला माती नाही, मातीच्या तळात जे जीव आपोआप तयार होतात ते इथं फारसे होत नाहीत, म्हणजे खाद्य बाहेरून घालायलाच लागणार. शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा निम्मा, दोन्ही आपल्याकडं ढिगानं, रोज माशांच्या एकूण वजनाच्या दोन-तीन टक्के, ठरलेल्या वेळी ठरलेल्या कोपऱ्यात. ढगाळ दिवशी घालू नका. आता आहेत त्यातले निम्मे तरी काढून विका, पाव किलोचे तर पाव किलोचे, उरलेले बघा कसे वाढतात.

प्रश्न : मृगाचा पाऊस झाला की आम्ही ओढ्याला चढणीचे मासे धरायला जायचो. आता मुलगा म्हणतो ते पाप आहे. तुमचं काय मत?
(गगनबावडा)

काका, पाप वगैरे मला कळत नाही, पण पोरगं बरोबर आहे. चढणीला जो मासा येतो तो फिरायला आलेला नसतो, अंडी घालायला वर चाललेला असतो. तुम्ही चिरल्यावर आत गाभोळी निघायची, आठवतंय ना, आणि तीच चवीला सगळ्यात भारी. ती एक गाभोळी म्हणजे जाईल तिथलं अख्खं बीज. पूर्वी चार घरची माणसं कंदील घेऊन जायची, घमेलंभर मासे आणायची, ओढ्याला काही कळायचंही नाही. आता हेडलॅम्प, बारीक आसाची जाळी, काही ठिकाणी तर करंट सोडतात, ओढ्यातला बारका मळ्यासुद्धा वाचत नाही. आणि मग तोच गाव श्रावणात बैठक घेतो की धरणात बीज सोडायला अनुदान मिळतंय का बघा. अरे वर चाललेलं फुकटचं बीज तुम्ही जूनमध्ये तळून खाल्लं की!

आपल्याकडं एक गोष्ट मात्र चांगली आहे, ती म्हणजे कोल्हापुरी बंधारा. पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढतात, पाणी मोकळं वाहतं, माशाला वर जायला वाट मिळते, नंतर पाऊस ओसरला की बरगे घालतात. बांधणाऱ्यानं माशाचा विचार करून बांधला नसेल पण माशाला सोयीचा झाला. जिथं बरगे काढायला उशीर होतो तिथं बंधाऱ्याच्या खाली मासा अडून राहतो, आणि लोक तिथंच जाळी लावून बसतात. पहिल्या दोन-तीन पुरात तेवढं नका धरू, अंडी टाकून मासा खाली उतरतो तेव्हा धरा की.

प्रश्न : राधानगरी धरणात महसीर सोडला तर गळवाले टुरिस्ट येतील, गावात पैसा येईल. सरकारनं हे का करू नये?
(राधानगरी)

महसीर, आपल्याकडं काही भागात खडशी म्हणतात, देवमासा पण म्हणतात, दिसायला राजाच. दख्खनचा जो महसीर आहे त्याची शास्त्रात पहिली नोंद १८३९ ची, सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं मुळा-मुठेतल्या माशावरनं केली. म्हणजे अगदी आपला, कृष्णेच्या खोऱ्यातला. महाडजवळ वाळणकोंडीला देवीच्या डोहात लोक त्याला चुरमुरे घालतात आणि कुणी हात लावत नाही, तिथं काठावर उभं राहून बघा, मांडीएवढे मासे पायाशी येतात, सरकारी बोर्डापेक्षा देवीचा धाक मोठा.

त्यामुळं आपल्या नदीत आपला मासा, याला माझा विरोध नाही. पण कावेरीचं उदाहरण आधी ऐका. लोणावळ्याला टाटांच्या वळवण केंद्रात १९७० च्या दशकापासून याच दख्खनी महसीरची पिल्लं तयार व्हायला लागली, मोठं काम होतं ते, देशभर पिल्लं गेली, कावेरीतही सोडली. आणि कावेरीत आधीपासून स्वतःचा एक महसीर होता, पाठीवर कुबड असलेला, जगातल्या सगळ्यात मोठ्या महसीरांतला एक. आपला तिथं रुजला, त्यांचा मागं पडत गेला. त्या कुबडवाल्याला शास्त्रीय नाव धड लागेपर्यंत २०१८ उजाडलं, तोवर तो नामशेष व्हायच्या काठावर आलेला. नाव कळायच्या आधीच घर गेलं. मासा आपला होता, चांगला होता, हेतू चांगला होता, नदी दुसऱ्याची होती.

राधानगरीत हा धोका नाही असं म्हणाल तर दुसरी गोष्ट, वरचे ओढे अभयारण्यातनं येतात, त्या ओढ्यांत बोटाएवढे असे मासे असू शकतात जे दुसरीकडं कुठंच नाहीत. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाशी, मंदिराच्या कुंडात, २०२० ला नवीनच मासा सापडला, २०२१ ला ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. तीच हिरण्यकेशी पुढं आजरा, गडहिंग्लजला येते, आपण रोज तिचं पाणी पितो आणि असा मासा तिथं आहे हे आपल्याला परवापर्यंत माहीत नव्हतं. तेव्हा आधी वरच्या ओढ्यात काय आहे याची नीट मोजणी, मग महसीर, तोही याच खोऱ्यातल्या नर-मादीपासून केलेला. आणि त्याची वाढ सावकाश, अंडी कटल्याच्या मानानं फारच कमी, पुढच्या निवडणुकीपर्यंत टुरिस्ट येतील असं कुणी सांगत असेल तर ते मनावर घेऊ नका. शिवाय पावसाळ्यात ते स्वयंचलित दरवाजे उघडले की पाण्याबरोबर तुमचे निम्मे महसीर भोगावतीतनं खाली, मग मजा शिरोळवाल्यांची.

प्रश्न : तळ्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो तो कसा घालवायचा? आणि रंकाळ्यातला मासा खावा का?
(राजारामपुरी)

रंकाळ्यातला नको. मैल्याच्या पाण्यातल्या माशात जड धातू साठत जातात आणि ते शिजवून, तळून, कितीही मसाला घालून जात नाहीत.

चिखलाचा वास वेगळा, तो चिखल खाल्ल्याचा नसतो, पाण्यातल्या शेवाळातनं आणि तळाच्या जीवाणूंतनं एक पदार्थ तयार होतो तो कल्ल्यावाटे माशाच्या चरबीत जातो. जिवंत मासा दोन-तीन दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात उपाशी ठेवला तर बराच जातो, शेततळेवाल्यांनी विकायच्या आधी हे करावं, गिऱ्हाईक परत येईल. घरी आणल्यावर मात्र आंबटाला पर्याय नाही. कातडीखालची काळपट चरबी काढून टाका, तुकड्यांना मीठ, हळद आणि चिंचेचा दाट कोळ चोळून अर्धा तास ठेवा, ते पाणी फेकून द्या, मग कालवणाला परत नवीन चिंच. आमच्या घरी लिंबू वापरून बघितलं, चालतं, पण मृगळाला चिंचच लागते. वाटणात खोबरं जरा जास्त भाजा.